दोन थरांची डीव्हीडी घरच्या प्लेअरवर अर्ध्यात अडते, काय चुकतंय?

पडदा_वर (सदाशिव पेठ):

मंडळी नमस्कार. आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या संगीत नाटकाचं चित्रण ३ तास १० मिनिटांचं आहे. सभासदांना ४० प्रती द्यायच्या आहेत. बहुतेकांची साठी उलटली आहे आणि घरी साधे डीव्हीडी प्लेअर आहेत. पेन ड्राइव्ह, यूट्यूब वगैरे कृपया सुचवू नये, त्यावर तीन मीटिंगा झाल्या आहेत.

मूळ चित्रण १०८० ५०आय. डीव्हीडीस्टाइलर या प्रोग्राममध्ये पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी बनवली, आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) काढली. कॉम्प्युटर तिचा आकार ७.३ जीबी दाखवतो, म्हणून ८.५ जीबीच्या डीव्हीडी प्लस आर डीएल (दोन थरांच्या कोऱ्या डिस्क) घेतल्या आणि इमगबर्न या प्रोग्रामने ८एक्स वेगाने बर्न केल्या. चॅप्टर तीनच आहेत, प्रत्येक अंकाला एक: ०:००, १:०८ आणि २:१५.

तीन प्लेअरवर तीन तऱ्हा:

अ) २००३ सालचा प्लेअर: "नो डिस्क". लगेच बाहेर काढतो.
ब) दुसरा: १ तास ३६ मिनिटांवर चित्र गोठतं. रिमोटने पुढचा चॅप्टर दाबला तर तिसरा अंक व्यवस्थित लागतो.
क) तिसरा: १:२५ च्या सुमारास चौकोन दिसायला लागतात, आवाज तुटतो. १:५० नंतर आपोआप सगळं सुरळीत.

कॉम्प्युटरवर मात्र तीच डिस्क शेवटपर्यंत चालते. डिस्क खराब, प्लेअर खराब, की मी काही चुकवतोय?

—

थर_दुसरा:

तीन प्लेअरना तीन वेगळे आजार आहेत. लक्षणं मिनिटांसकट दिलीत हे फार बरं केलंत, निदान त्यातच आहे.

आधी डिस्कची रचना. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो. मग लेसर दुसऱ्या थरावर फोकस बदलतो आणि तिथून बाहेरून आत येतो. म्हणजे थर बदलतो तो कडेच्या बाजूला, आणि कार्यक्रम संपतो तो परत मधल्या भोकाजवळ. एका थरात जास्तीत जास्त २०,८६,९१२ सेक्टर बसतात, दोन्ही मिळून ४१,७३,८२४. सेक्टर २०४८ बाइटचा.

आता 'क' चं गणित मांडा. तुमचा एकूण प्रवाह सेकंदाला सरासरी ५.५ मेगाबिट पडतो. त्या हिशेबाने १:२५ ला लेसर केंद्रापासून साधारण ५३ मि.मी. वर असतो. तिथून तो कडेकडे जातो, १:३६ ला थर बदलतो, परत आत येऊ लागतो, आणि १:५० ला पुन्हा त्याच ५३ मि.मी. च्या आसपास पोचतो. थोडक्यात, ५३ च्या बाहेरचा पट्टा दोन्ही थरांवर नीट लिहिला गेलेला नाही. तुमच्या प्लेअरने डिस्कवर वर्तुळच आखून दाखवलंय म्हणा ना.

कारण उघड आहे: ८एक्स. राइटर आत कमी वेगाने सुरुवात करतो आणि बाहेर जाताना वेग वाढवतो. पूर्ण ८एक्स येतो तो नेमका बाहेरच्या पट्ट्यात. त्यात डिस्कचा पृष्ठभाग कडेलाच जास्त कललेला असतो, आणि दोन चकत्या चिकटवण्यातले दोषही कडेलाच जास्त. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह वेग कमी करून पुन्हा पुन्हा वाचतो आणि निभावून नेतो. प्लेअरकडे तेवढी फुरसत नसते.

'ब' हा सरळ लेयर ब्रेकचा, म्हणजे थर बदलतो त्या जागेचा प्रश्न, त्यावर खाली सविस्तर लिहितो. 'अ' हा बुक टाइपचा. त्यात 'बुधवारपेठी' यांचा हात धरणारं इथे कोणी नाही, त्यांनाच लिहू दे.

लेयर ब्रेक: डीव्हीडी-व्हिडिओत थर कुठेही बदलून चालत नाही. तो सेलच्या, म्हणजे चित्रणाच्या एका तुकड्याच्या, सुरुवातीलाच यावा लागतो (चॅप्टर सुरू होतो तिथे नवा सेल सुरू होतो). त्या सेलवर 'इथे अखंड नाही' अशी खूण हवी, म्हणजे प्लेअर क्षणभर थांबायला तयार राहतो. शिवाय ती जागा १६ ने भाग जाणाऱ्या सेक्टरवर हवी, कारण डीव्हीडीचा चूक-दुरुस्तीचा गठ्ठा १६ सेक्टरचा असतो. आणि पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान असून चालत नाही.

म्हणजे जागा दोन मर्यादांमध्येच शोधायची: एकूण सेक्टरच्या निम्म्यापासून २०,८६,९१२ पर्यंत. तुमच्या आयएसओत सुमारे ३८,२७,००० सेक्टर आहेत. निम्मे १९,१३,५००. उरली खिडकी सुमारे १,७३,००० सेक्टरची, वेळेत धरलं तर १:३५ पासून पुढे साडेआठ मिनिटं. या साडेआठ मिनिटांत तुमचा एकही चॅप्टर नाही! १:०८ आधी गेला, २:१५ फार लांब. मग प्रोग्रामने थर तोडला तो सेलच्या मध्यात, १:३६ ला, गाणं चालू असताना. काही प्लेअर हे पचवतात, 'ब' पचवत नाही. चॅप्टर दाबल्यावर तो पुढे जातो कारण तेव्हा तो पत्ता नव्याने शोधून सरळ दुसऱ्या थरावर उतरतो. याचा अर्थ 'ब' चं लेन्स-पिकअप (लेसर आणि लेन्सचा डिस्क वाचणारा भाग) ठणठणीत आहे.

उपाय: त्या खिडकीत एखादा काळोख, पडदा, प्रवेशबदल आहे का बघा. तिथे चॅप्टर टाका.

—

बुधवारपेठी:

'अ' बद्दल.

प्रत्येक डीव्हीडीच्या अगदी आतल्या भागात, चित्र सुरू होण्याआधी, डिस्कची जात लिहिलेली असते. तिला बुक टाइप म्हणतात. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडी-रॉमचा आकडा ०, डीव्हीडी मायनस आर चा २, प्लस आर चा ए आणि प्लस आर डीएलचा ई. प्लस आर डीएल बाजारात आली २००४ साली. तुमचा प्लेअर २००३ चा. त्याला 'ई' म्हणजे काय हे ठाऊकच नाही, तो पुढे वाचायचे कष्ट घेत नाही. पाहुण्याचं आडनाव कळलं नाही म्हणून दार न उघडण्यातला प्रकार.

प्लस आर डीएलची सोय अशी की बर्न करताना हा आकडा बदलून ० करता येतो. मग प्लेअर तिला छापील दोन थरांची डिस्क समजतो, आणि ती तर त्याला पहिल्या दिवसापासून चालते. मायनस आर डीएलमध्ये ही सोय नाही. शिवाय तिची लेयर जंप रेकॉर्डिंगची पद्धत जुन्या प्लेअरना पूर्ण अनोळखी. एका थराच्या डिस्कमध्ये मायनस आर चालली म्हणून दोन थरांतही मायनस घ्यावी असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दोन थर म्हटलं की प्लसच.

इमगबर्नमध्ये कसं करायचं: राइट किंवा बिल्ड खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात पुस्तकाचं चित्र आहे. ते दाबा, आपल्या राइटरच्या कंपनीचा टॅब निवडा, 'प्लस आर डीएल' साठी 'डीव्हीडी-रॉम' निवडून 'चेंज' दाबा. पायोनियरचे ड्राइव्ह हे न सांगता करतात. बाकीच्यांत काही आपोआप करतात, काही सांगितल्यावर, आणि काहींना ही सोयच नसते. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हवर विसंबू नका.

हे बर्न करण्याआधीच करायचं. एकदा लिहिलेल्या प्लस आर डीएलचा बुक टाइप नंतर बदलत नाही. झाल्यावर डिस्क परत आत घाला आणि उजवीकडच्या माहितीत 'बुक टाइप' ची ओळ वाचा. तिथे डीव्हीडी-रॉम दिसलं तरच पुढच्या ३९ ला हात घाला.

आणि बर्निंग दुकानातून टॉवरवर करून घेणार असाल तर पहिली प्रत घरी आणून हीच ओळ तपासा. टॉवरमधल्या प्रत्येक ड्राइव्हचं सेटिंग स्वतंत्र असतं. दहातले चार ड्राइव्ह 'ई' लिहितात आणि सहा '०' लिहितात, असंही होतं. मग त्याच गठ्ठ्यातल्या डिस्क एकाकडे चालतात, शेजाऱ्याकडे नाही, आणि दोष येतो प्लेअरवर.

—

पडदा_वर:

दोघांचेही आभार. बुक टाइप पाहिला, 'डीव्हीडी प्लस आर डीएल' असंच दिसतंय. पुस्तकाचं चित्र इतके दिवस मला मदतीचं पान वाटत होतं.

दुसऱ्या अंकात १:४१ ला पूर्ण काळोख आहे, चार सेकंदांचा. तिथे चॅप्टर टाकला तर चालेल? आणि संगीत नाटक असल्यामुळे आवाज पीसीएममध्ये (न दाबलेल्या स्वरूपात) ठेवावा असं मंडळात एकमत आहे (दुर्मीळ घटना). जागा पुरेल का?

—

थर_दुसरा:

१:४१ उत्तम. तुमच्या सध्याच्या खिडकीत तो बसतो, पण कसाबसा. खिडकी १:४३ च्या पुढे संपते आणि व्हीबीआरमध्ये (प्रवाह प्रसंगानुसार कमीजास्त होतो तेव्हा) दोन मिनिटं इकडची तिकडे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सरासरी प्रवाह कमी करा. एकूण ४.८ मेगाबिट धरा: साधारण ६.८४ अब्ज बाइट, ३३,४०,००० सेक्टर, निम्मे १६,७०,०००. खिडकी १:३५ पासून थेट १:५८ पर्यंत उघडते. वर दुसरा फायदा, माझ्या मते जास्त मोठा: थर १:४१ ला, म्हणजे ५४ मि.मी. वरच बदलतो आणि कडेचे शेवटचे तीन-चार मिलिमीटर कोरे राहतात. 'क' जिथे अडखळतो त्यातला सर्वांत वाईट भाग वापरातच येत नाही. डिस्क ८.५ ची आहे म्हणून ८.५ भरायलाच हवी असं नाही. गच्च भरलेली दोन थरांची डिस्क हीच निम्म्या तक्रारींचं मूळ असते.

पीसीएमचं गणित: स्टिरिओ ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट म्हणजे १.५३६ मेगाबिट. ३ तास १० मिनिटांना २.१९ अब्ज बाइट, निम्म्या थराहून किंचित जास्त तर केवळ आवाज! मग चित्राला जेमतेम ३.२ उरतात. डॉल्बी डिजिटल २५६ किलोबिट ठेवा. प्लेअर टीव्हीच्या स्पीकरला जोडलेले असणार. तिथे पेटी-तबल्यातला फरक पीसीएमने वाढत नाही, पण चित्रातले चौकोन मात्र सगळ्यांना दिसतात. एकमत मोडल्याबद्दल क्षमस्व.

चित्रासाठी: ७२०×५७६, सरासरी ४.४ मेगाबिट, कमाल ८, दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग, जीओपी (एका पूर्ण चित्रापासून पुढच्या पूर्ण चित्रापर्यंतचा गट) १५ फ्रेमचा. नियमाप्रमाणे चित्राची मर्यादा ९.८ आणि सगळं मिळून १०.०८ आहे, पण बर्न केलेल्या डिस्कवर तिथपर्यंत जाऊ नये. वाचताना एक ओरखडा आला की प्लेअरचा साठा रिकामा होतो आणि चित्र थांबतं. स्थिर कॅमेऱ्याच्या नाटकाला ४.४ भरपूर. नाचाचे तुकडे असतील तिथे दोन फेऱ्यांचा एन्कोडर आपणच जास्त बिट देतो.

मूळ चित्रण ५०आय आहे, ते इंटरलेस्डच ठेवा, वरची फील्ड (चित्राच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग) आधी. जुन्या डीव्ही टेपवरून कोणी काही जोडलं असेल तर त्यात खालची फील्ड आधी असते. दोन्ही एकत्र केलेत तर हात हलवताना झटके दिसतात आणि लोक डिस्कला दोष देतात.

बर्न करताना:

१. डीव्हीडीस्टाइलरमधून आयएसओ काढू नका, व्हिडिओ_टीएस फोल्डर काढा. आयएसओ एकदा बनली की आतल्या फाइली पुढेमागे सरकवता येत नाहीत. फोल्डर दिला तर इमगबर्न मध्ये भराव घालून तुमचा १:४१ चा सेल १६ च्या पटीवर आणून बसवतो. आयएफओ (डिस्कवरच्या मांडणीची माहिती देणारी फाइल) आणि त्याची बीयूपी प्रत एकाच गठ्ठ्यात पडणार नाहीत याचीही काळजी तोच घेतो. एका ओरखड्यात दोन्ही गेल्या तर प्रतीचा उपयोग काय?

२. बिल्ड मोड, फाइल सिस्टीम आयएसओ ९६६० आणि यूडीएफ १.०२. लेयर ब्रेकची खिडकी उघडेल. तिथे संभाव्य सेलांची यादी वेळेसकट येते. १:४१ चा निवडा. 'सीमलेस' ची खूण काढलेली असू द्या.

३. थेट डिस्कवर न लिहिता आधी इमेज बनवा. सोबत एमडीएस फाइल तयार होते आणि तिच्यात लेयर ब्रेकची जागा लिहिलेली असते. ४० प्रती त्या एमडीएसवरून बर्न करा. नुसती आयएसओ उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलीत की ती माहिती मागे राहते. हीच चूक सगळ्यांत जास्त होते.

४. वेग ४एक्स. गच्च भरलेल्या डिस्कलाही जवळपास २६ मिनिटं, त्यात लीड-इन (डिस्कचा सुरुवातीचा भाग) वगैरे धरून अर्धा तास. जुन्या २.४एक्सच्या डिस्क मिळाल्या तर तशाच भरलेल्या डिस्कला पाऊण तास. मंद तितकं चांगलं असंही नाही. ८एक्सची डिस्क २.४ ने लिहिण्यात फायदा नसतो, ड्राइव्हच्या लेखनाच्या नोंदी डिस्कच्या जातीप्रमाणे ठरलेल्या असतात.

५. 'व्हेरिफाय' सुरू ठेवा. चार-पाच डिस्क झाल्या की ड्राइव्हला पंधरा मिनिटं विश्रांती. पातळ ड्राइव्ह तापला की दुसऱ्या थराची पत घसरते.

—

मुक्काम_कर्वेनगर:

वरचं सगळं बरोबर आहे, तरी एक आडवा प्रश्न. दोन थर हवेतच कशाला? तुमचा पहिला अंक १:०८ चा आणि उरलेले दोन २:०२. दोन साध्या ४.७ च्या डिस्क करा. २ तास २ मिनिटांना एका थरात ५.१ मेगाबिट मिळतात, म्हणजे तुमच्या ४.८ पेक्षा जास्तच, आणि पहिल्या अंकाला तर कमाल ८ लावली तरी जागा उरते. लेयर ब्रेक नाही, फोकस उडी नाही. एका थराच्या डिस्कवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो, दोन थरांत छापील डिस्कवरूनसुद्धा १८ ते ३०. जुनाट झालेलं पिकअप पहिल्यांदा मार खातं ते इथेच.

४.७ च्या एकाच डिस्कवर सगळं कोंबू मात्र नका. तिथे ३.३ मेगाबिट येतात. ३५२×५७६ हा आकार डीव्हीडीच्या नियमात बसतो आणि त्या प्रवाहाला तो बराही दिसतो, पण मागच्या रांगेत बसून नाटक बघितल्यासारखं होतं.

अंक संपला की मध्यंतर असतंच. चहा होतो, डिस्कही बदलता येते.

—

पडदा_वर:

विचार केला होता. पण दोन डिस्कमधली एक हरवते, आणि मग दुसरी प्रत मागायला फोन येतात. तरी तोडगा म्हणून: सगळ्यांसाठी दोन थरांची, आणि ज्यांच्या प्लेअरवर चालणार नाही त्यांना दोन साध्या, असं केलं तर? कोणाचा प्लेअर चालेल हे आधी कसं ओळखावं? "आमच्याकडे सगळ्या डीव्हीडी चालतात" असं प्रत्येक जण सांगतो.

—

सोल्डरगन:

"सगळ्या चालतात" याला पुरावा म्हणून शून्य किंमत. बाजारात मिळालेल्या नाटक-सिनेमांच्या कितीतरी डिस्क व्हीसीडी किंवा एका थराच्या डीव्हीडीच होत्या. दुसऱ्या थरापर्यंत तो प्लेअर आयुष्यात कधी गेलाच नसेल.

परीक्षा अशी: कॉम्प्युटरमध्ये आकार ४.७ जीबीच्या पुढे दाखवणारी एखादी छापील सिनेमाची डीव्हीडी घ्या. तीच घेऊन त्या प्लेअरवर मधला अर्धा तास पूर्ण बघा, उडी न मारता. सिनेमाच्या मध्याच्या आसपास क्षणभर चित्र थबकून पुढे गेलं की थर बदलला. नंतर शेवटचा भाग लावा. छापील डिस्क नीट आणि तुमची अडते, तर दोष बर्निंगमध्ये. छापील सुद्धा मध्यावर अडते, तर दोष प्लेअरमध्ये, आणि तुम्ही चाळीस वेळा बर्न केलंत तरी तो जायचा नाही.

प्लेअर दोषी निघाला तर आधी लेन्स. दुसऱ्या थरापर्यंतचा प्रकाश जाताना आणि येताना, दोनदा पहिल्या थरातून गाळून येतो. लेन्सवर धुळीचा पातळ थर असला तरी एका थराची डिस्क चालते आणि दोन थरांची अडते, ती त्यामुळे. वरचं झाकण उघडा (प्लग काढून, पॉवर बोर्डच्या बाजूला हात नको), कापसाच्या काडीच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावा, लेन्सवर दाब न देता मध्यातून बाहेर एकदा फिरवा, कोरड्या काडीने पुसा. लेन्स तारांवर तरंगत असते, दाबलीत की कायमची वाकडी. ब्रशवाल्या क्लीनर डिस्क टाळा. सेंट, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, लेन्स प्लास्टिकची असते.

पुसून फरक नाही आणि प्लेअर चांगला म्हणून ठेवायचाच आहे, तर पिकअप बदला. तपकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाताना जुनं पिकअप काढून सोबत न्या, त्याच्यावरचा नंबर दाखवून तोच मागा. नुसतं प्लेअरच्या मॉडेलवरून मागू नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पिकअप निघतात. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी दोन बिंदू सोल्डरच्या थेंबाने जोडलेले असतात. आधी पट्टी कनेक्टरमध्ये बसवायची, मग तो थेंब काढायचा. उलट केलंत तर लेसर डायोड हातातच जाऊ शकतो. काढायला विसरलात तर प्लेअर पुन्हा "नो डिस्क" म्हणतो आणि पिकअप खोटं दिलं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. सुरू असताना लेन्समध्ये वाकून बघू नये, तो लाल ठिपका मंद दिसतो म्हणून निरुपद्रवी नाही.

—

बुधवारपेठी:

डिस्क घेण्याबद्दल दोन शब्द राहिले. खोक्यावरच्या नावाला महत्त्व नाही, आत कोणाची डिस्क आहे ते इमगबर्नमध्ये 'डिस्क आयडी' च्या ओळीत बघा. एमकेएम-००१-०० (२.४एक्स) किंवा एमकेएम-००३-०० (८एक्स) दिसलं तर ती मित्सुबिशीच्या तंत्राची डिस्क. व्हर्बेटिमच्या नावाने मिळते, तो व्यवसाय २०१९ मध्ये सीएमसी मॅग्नेटिक्सने विकत घेतला. दोन थरांत मी याच कोडला पहिली पसंती देईन. आपल्याकडची मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. तेव्हाचा माल आता कुठे दिसला तर तो इतकी वर्षं गोदामात पडलेला आहे हे धरून चाला. डाय सेंद्रिय असते, कोऱ्या डिस्कचीही जुनी होते.

एकदम ५० चं खोकं घेण्याआधी दोन सुट्या घ्या आणि एक बर्न करून तपासा. ड्राइव्हला येत असेल तर चुकांचा आलेख काढा: पीआय चुका (दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात सापडलेल्या) सलग आठ गठ्ठ्यांच्या बेरजेत २८० च्या आत, पीआयएफ (त्या टप्प्यात न सुधारलेल्या) ४ च्या आत. दोन थरांत मधोमध, म्हणजे कडेला, डोंगर दिसतोच. तो किती उंच हे बघायचं. आलेख काढणारा ड्राइव्ह नसेल तर वाचनवेगाची रेघ बघा. ती मध्याला खड्डे पाडत असेल तर 'क' सारखा प्लेअर तिथेच चौकोन दाखवणार.

कागदी गोल लेबल चिकटवू नका. पावसाळ्यात कागद ओल धरतो, ओढला जातो, डिस्क किंचित बशीसारखी होते. एका थरात ते खपून जातं, दोन थरांत कडेला नाही. पाण्याच्या शाईचा मार्कर, तोही मधल्या पारदर्शक कड्यावर. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात वर्षभर राहिली तर पाकीट चिकटतं. डबी द्या, उभी ठेवायला सांगा, आणि गॅलरीच्या उन्हातल्या शोकेसमध्ये नको.

—

अंक_तिसरा:

मध्येच विचारतो. काही सभासदांकडे ब्लू-रे प्लेअर आहेत. त्यांच्यासाठी २५ जीबीची बीडी-आर करावी का?

—

थर_दुसरा:

करता येईल आणि फार छान दिसेल. एका थराच्या बीडी-आरमध्ये सुमारे २५ अब्ज बाइट बसतात. १५ मेगाबिटने ३:१० चं नाटक २१.४ अब्जात मावतं, तेही पूर्ण १०८० ५०आय मध्ये. टीएसमक्सर या प्रोग्रामने ब्लू-रे फोल्डर बनवा, मुळाशी बीडीएमव्ही आणि सर्टिफिकेट हे दोन फोल्डर, यूडीएफ २.५०. इथे लेयर ब्रेकची कटकटच नाही. ५० जीबीची घेण्याची गरज नाही, आणि १०० जीबीची बीडीएक्सएल तर अजिबात घेऊ नका, साधे ब्लू-रे प्लेअर ती वाचत नाहीत. खोक्यावर 'एलटीएच' लिहिलेलं असेल तर तीही परत ठेवा. त्या २००८ नंतर आल्या, स्वस्त डायच्या आहेत आणि त्याआधीचे कितीतरी प्लेअर फर्मवेअर बदलल्याशिवाय त्या घेत नाहीत.

पण चाळीसजणांत ब्लू-रेवाले किती ते आधी मोजा. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी वाचतो, डीव्हीडी प्लेअर ब्लू-रे वाचत नाही.

—

पडदा_वर:

ब्लू-रेवाले दोघे. बेत रद्द.

सरासरी ४.४ अधिक २५६ चा आवाज, १:४१ ला चॅप्टर, फोल्डरवरून बिल्ड, ४एक्स, बुक टाइप डीव्हीडी-रॉम, डिस्क एमकेएम-००३-००. 'अ' ने डिस्क घेतली. 'ब' १:४१ ला काळोखात अर्धा सेकंद थबकतो आणि पुढे जातो, सांगितल्याशिवाय कळतही नाही. 'क' १:३८ ला एकदा आवाज तोडतो, बाकी नीट.

—

सोल्डरगन:

'क' ची लेन्स पुसा. मग १:३५ पासून १:५० पर्यंत पुन्हा चालवा, एकदा सलग आणि एकदा फास्ट फॉरवर्डने थर ओलांडून. फास्ट फॉरवर्डमध्ये अडला तर पिकअप थकलं आहे, त्या घरी दोन साध्या डिस्क द्या.

—

मुक्काम_कर्वेनगर:

म्हणजे शेवटी माझ्याच दोन डिस्क.

एक बारीक दुरुस्ती, पुढे कोणी हिशेब करायला बसेल म्हणून: खोक्यावरचे ८.५ जीबी म्हणजे ८,५४,७९,९१,५५२ बाइट. कॉम्प्युटर त्यालाच ७.९६ जीबी म्हणतो, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो. साध्या प्लस आरचे ४,७०,०३,७२,९९२ बाइट, म्हणजे कॉम्प्युटरचे ४.३८. तुमची जुनी आयएसओ ७.३ दिसत होती ती खरी ७.८ होती. ८.५ मधून ७.३ वजा करून "सव्वा जीबी शिल्लक आहे, मनोगतं पण घालू" असं मंडळात कोणी म्हणायच्या आत हे सांगून ठेवा.